वजन घटविण्याची शस्त्रक्रिया : निवड आणि मतभेद
(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात शल्यविभागातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



दरवर्षी या व्यासपीठावरून एका विभागाने आपल्या कामाविषयी चार शब्द बोलावेत, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. यंदा ती जबाबदारी शल्यविभागाकडे आली. हर्निया, मूतखडा, पित्ताशयातील खडे ही आमची रोजची कामे. त्यांविषयी बोलणे सोपे होते. परंतु जी शस्त्रक्रिया आपल्या रुग्णालयात होतच नाही, तिच्याविषयी बोलावे असे आम्ही ठरविले. त्याला कारण आहे. वजन घटविण्याच्या शस्त्रक्रियेचा सल्ला पुणे, हैदराबाद किंवा छत्रपती संभाजीनगर येथून घेऊन आलेले रुग्ण परतल्यावर आमच्याकडे येतात. हातात जाडजूड फाईल असते आणि चेहऱ्यावर एकच प्रश्न असतो. पूर्वी हा प्रश्न ‘शस्त्रक्रिया करावी की करू नये’ असा असे. आता तो ‘कोणती करावी’ असा झाला आहे. आणि पुष्कळदा रुग्णाच्या मनात एक असते व शल्यविशारदाने लिहिलेले दुसरेच असते.

परभणी जिल्हा आणि लठ्ठपणा ही जोडी काहींना विचित्र वाटेल. कापूस, सोयाबीन आणि ज्वारी पिकविणारा, पावसाकडे डोळे लावून बसणारा हा मुलूख. येथे कुपोषणाची चर्चा व्हावी, स्थूलतेची कशाला, असे आम्हाला एका ज्येष्ठ देणगीदारांनीच विचारले होते. त्याचे उत्तर पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात सापडते. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी स्वतःचे आणि लंडनच्या एका सहकारी संशोधकाचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजन दोघांचेही सारखे, म्हणजे बीएमआय २२.३, पण इंग्रज सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला सडपातळ आणि आतून स्थूल, असा आपला भारतीय देह आहे. पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतही त्यांना हीच ठेवण आढळली. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत ज्या बीएमआयला चिंता सुरू होते, त्याच्या पुष्कळ आधी आपल्याकडे मधुमेह येऊन ठेपतो. आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज त्याचा प्रत्यय येतो.

आता मूळ विषयाकडे वळतो. तीन वर्षांपूर्वी गंगाखेड तालुक्यातील एक शिक्षिका आमच्याकडे आल्या. त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आम्ही त्यांना ताई म्हणतो. वजन १०४ किलो, उंची १५६ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय जवळपास ४३. नऊ वर्षांचा मधुमेह, दोन वर्षांपासून इन्शुलिन. गुडघे धरलेले. घराणे माळकरी, त्यामुळे मांस-मासे नाहीत, अंडेही नाही. मोठ्या शहरातील एका अनुभवी शल्यविशारदांनी त्यांना ‘स्लीव्ह’ शस्त्रक्रिया सुचविली होती. ताईंच्या मनात मात्र ‘बायपास’ होती, कारण त्यांच्या मामेबहिणीची तीच झाली होती आणि तिचे इन्शुलिन सुटले होते. आम्ही फाईल चाळली आणि त्यांना सांगितले, “ताई, मोठे डॉक्टर म्हणतात तेच बरोबर आहे. स्लीव्ह साधी आहे, आतड्याला हात लागत नाही. तुम्ही शाकाहारी, त्यात रक्त कमी. बहिणीचे पाहून ठरवू नका.”

हे आम्ही आत्मविश्वासाने सांगितले. त्यात काय चुकले, ते कळण्यासाठी या शस्त्रक्रिया म्हणजे काय हे थोडे सांगावे लागेल.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीनचतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग कापून कायमचा काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी. अन्नाचा मार्ग बदलत नाही, फक्त पिशवी लहान होते; शिवाय भूक चेतविणाऱ्या संप्रेरकाचा मोठा स्रोत काढलेल्या भागाबरोबर जातो. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी छोटी पिशवी वेगळी करतात आणि लहान आतडे कापून त्या पिशवीला जोडतात. अन्न उरलेले जठर व आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जाते. या जोडणीला स्वित्झर्लंडमधील लोझानचे शल्यविशारद सेझार रू यांचे नाव आहे. त्यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्णपणे वेगळ्या कारणासाठी योजिली होती. तिसरा प्रकार म्हणजे ‘मिनी बायपास’. १९९७ साली अमेरिकेत रॉबर्ट रटलेज यांनी तो सुरू केला. यात जठराची लांबट नळी करून तिला आतड्याचा वळसा एकाच ठिकाणी जोडतात. दोन जोडांऐवजी एकच जोड, म्हणून वेळ कमी. परंतु आतड्याचा लांब भाग वगळला जात असल्याने पोषणद्रव्ये शोषण्याचे काम अधिक घटते.

या शास्त्राचा इतिहास मतभेदांचाच आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराची बायपास पहिल्यांदा केली. व्रणासाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचे वजन वाढत नाही, हे निरीक्षण त्यामागे होते. पुढे १९८० मध्ये याच मेसन यांनी आतड्याला न छेडता नुसते जठर पट्टीने आवळण्याची नवी पद्धत काढली आणि स्वतःच्या बायपासऐवजी तिचा पुरस्कार केला. म्हणजे बायपासच्या जनकाचेही बायपासशी मतभेद झाले! ती पट्टीची पद्धतही नंतर मागे पडली. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, आतड्याचा बहुतेक भाग वगळण्याची एक शस्त्रक्रिया निघाली होती. यकृत निकामी होऊ लागल्याने आणि मूतखडे होऊ लागल्याने ती सोडून द्यावी लागली. १९९० च्या दशकात दुर्बिणीने बसविता येणारी, फुगविता-सैल करता येणारी सिलिकॉनची पट्टी आली. ती फार लोकप्रिय झाली आणि काही वर्षांनी अनेकांच्या पोटातून पुन्हा काढावी लागली. स्लीव्हचा जन्म तर निव्वळ सोयीतून झाला. अतिशय जड रुग्णांत मोठी शस्त्रक्रिया एकदम करणे धोक्याचे, म्हणून न्यूयॉर्कमध्ये मिशेल गान्ये व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दोन टप्प्यांत विभागली. पहिला टप्पा स्लीव्हचा. पण त्यातच काहींचे वजन इतके उतरले की दुसऱ्या टप्प्याची गरज उरली नाही. हे सांगण्याचा हेतू एवढाच, की शल्यविशारद जेव्हा एखाद्या पद्धतीचा आग्रह धरतो, तेव्हा त्याच्या शिक्षणाचे दशकही त्यात बोलत असते. आम्हीही त्याला अपवाद नाही.

मग अभ्यास काय सांगतात? फिनलंडमध्ये २४० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने दोन गटांत विभागून स्लीव्ह किंवा बायपास केली गेली. २०२२ साली दहा वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जादा वजनापैकी स्लीव्हने ४३.५ टक्के, तर बायपासने ५०.७ टक्के उतरलेले होते. फरक आहे, पण आकाश-पाताळाचा नाही. मोठा फरक दुसरीकडे होता. अन्ननलिकेला आम्लाने आलेली सूज स्लीव्हच्या गटात ३१ टक्के, बायपासच्या गटात ७ टक्के रुग्णांत आढळली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वित्झर्लंडच्या २१७ रुग्णांच्या अभ्यासातही तसेच दिसले होते : ज्यांना आधीपासून आम्ल वर येण्याचा त्रास होता, त्यांच्यापैकी स्लीव्हनंतर ३१.८ टक्के जणांचा त्रास पाच वर्षांत वाढला. बायपासनंतर तो ६.३ टक्के जणांचाच वाढला.

आता ताईंकडे परत येऊ. आमच्या खोलीतून उठताना दाराशी थांबून त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, मला उताणं निजता येत नाही. तीन उशा लागतात. पित्त घशाशी येतं, रात्री ठसका लागून उठून बसते. ते ऑपरेशनच्या आधी सांगायचं का नंतर?”

आम्ही त्यांना पुन्हा बसविले. फाईलमध्ये रक्ताचे, हृदयाचे, थायरॉइडचे अहवाल होते. पण छातीतील जळजळीचा उल्लेख कोठेही नव्हता. मोठ्या रुग्णालयातील प्रश्नावलीत तो प्रश्न असेलही. ताईंनी ‘पित्त’ म्हणजे सर्वांनाच असते असे समजून ‘नाही’ म्हटले असेल. आपल्याकडे पित्त हा आजार मानतच नाहीत. आणि आम्हीही विचारले नव्हते. दुसऱ्या दिवशी दुर्बिणीने अन्ननलिका व जठर तपासले. अन्ननलिकेच्या खालच्या भागात व्रण होते आणि जठराचा थोडा भाग पडद्यातून वर छातीत सरकलेला होता. ही दुर्बीण आपल्या देणगीदारांनी दिलेल्या निधीतून आलेली आहे, हे येथे कृतज्ञतेने नमूद करतो. ती नसती तर ताई आमच्या शब्दावर विसंबून स्लीव्ह करून आल्या असत्या.

अहवाल घेऊन त्या पुन्हा त्या शल्यविशारदांकडे गेल्या. आम्ही सोबत एक पत्र दिले, त्यात आमचे आधीचे मत चुकल्याचेही लिहिले. त्यांनी अहवाल पाहिला आणि मत बदलले. परंतु (हा ‘परंतु’ महत्त्वाचा आहे) त्यांचा मूळ विरोध निराधार नव्हता. शाकाहार, अशक्तपणा, आणि परभणीहून पुन्हा पुन्हा तपासणीस येणार कोण, ही त्यांची तीन कारणे होती. तिन्ही खरी होती. त्यांनी बायपास मान्य केली ती अटी घालून : आधी तीन महिने रक्त वाढवायचे, बी-१२ ची इंजेक्शने घ्यायची, आणि नंतरच्या तपासण्या परभणीतच कोणी तरी जबाबदारीने करील असे लेखी आणायचे. ते लेखी आम्ही दिले. तीन महिने थांबावे लागले म्हणून ताई आमच्यावर रुष्ट झाल्या, तेही सांगितले पाहिजे.

शाकाहाराचा मुद्दा येथे थोडा विस्ताराने मांडतो, कारण आपल्या भागात त्याला विशेष अर्थ आहे. डॉ. याज्ञिक यांच्या गटाने २००६ मध्ये पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सुमारे दोनतृतीयांश पुरुषांत बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ही शस्त्रक्रिया न झालेल्या, चालत्या-फिरत्या माणसांची स्थिती. बी-१२ शरीरात शिरण्यासाठी जठराचे साहाय्य लागते. बायपासने जठर मार्गातून वगळले की ते साहाय्य जाते. लोह मुख्यतः आतड्याच्या पहिल्या भागात शोषले जाते. तोही वगळला जातो. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले आहे. म्हणजे आधीच रिकाम्या कणगीला आणखी एक भोक पाडण्यासारखे हे आहे. मिनी बायपासबाबत तर अधिक जपावे लागते. फ्रान्समधील २५३ रुग्णांच्या २०१९ च्या अभ्यासात वजन घटण्याच्या बाबतीत ती बायपासच्या बरोबरीची ठरली. पण शस्त्रक्रियेशी संबंधित ज्या ४२ गंभीर घटना मिनी बायपासच्या गटात घडल्या, त्यांपैकी ९ पोषणाच्या अभावाच्या होत्या. बायपासच्या गटातील २४ घटनांत तशी एकही नव्हती. तेथे आतड्याचा दोन मीटर भाग वगळला होता. आपल्याकडे ही शस्त्रक्रिया सुचविली गेली, तर ‘किती लांबीचा भाग वगळणार’ हे अवश्य विचारावे. शल्यविशारदाला त्या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही.

शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने पोटात जावी लागतात. माळकरी घरात ती दूध, दही, पनीर, डाळी, सोयाबीन आणि फुटाणे यांतूनच यायची, आणि तीही अंड्याएवढ्या पिशवीतून. भाकरीआधी वरण, असा क्रम आम्ही सांगतो. एकादशीची साबुदाण्याची खिचडी प्रथिनांच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहे, हे सांगताना आम्हाला संकोच होतो. गंगाखेडसारख्या संत जनाबाईंच्या गावच्या माणसांना उपवासाविषयी काय सांगावे! पण राजगिरा, दही, ताक, शेंगदाणे उपवासाला चालतात, एवढे आम्ही आग्रहाने सांगतो. बायपास झालेल्याने पेढा किंवा शिरा अधिक खाल्ला तर छातीत धडधड, घाम आणि गरगरणे सुरू होते, हेही आधीच सांगून ठेवलेले बरे.

आता दुसरे उदाहरण, ज्यात रुग्ण चुकला आणि वैद्य बरोबर ठरला. मानवत भागातील एक तरुण व्यापारी. त्याला मिनी बायपासच हवी होती, कारण लवकर होते आणि वजन झपाट्याने उतरते असे त्याने ऐकले होते. पहिल्या शल्यविशारदाने स्पष्ट नकार दिला. हा तरुण दिवसाला पंधरा-वीस बिड्या ओढायचा, कंबरदुखीसाठी औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या घ्यायचा आणि दोन वर्षांत एकाही तपासणीला ठरल्या दिवशी गेला नव्हता. बायपास प्रकारात जठर व आतडे जिथे जोडतात, तिथे तंबाखू आणि वेदनाशामक गोळ्यांमुळे व्रण होण्याचा धोका फार वाढतो. शल्यविशारद म्हणाले, आधी बिडी सोड. मग पाहू, आणि तेव्हाही स्लीव्हच. तो दुसऱ्या शहरात गेला, बिडी सोडल्याचे खोटे सांगितले आणि शस्त्रक्रिया करून आला. चौदा महिन्यांनी पहाटे पोटदुखीने कळवळत त्याला आमच्याकडे आणले. जोडावरचा व्रण फुटला होता. त्या रात्री पोट उघडावे लागले. तो वाचला. त्याच्या वडिलांनी आम्हाला विचारले, पहिल्या डॉक्टरने नाही म्हटले होते तर दुसऱ्याने हो कसे म्हटले? दुसऱ्याला पूर्ण हकिगत माहीत नव्हती, एवढेच आम्ही सांगू शकलो.

दुसरे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत तो स्पष्ट नमूद आहे. परंतु दुसरे मत घेताना पहिल्या मताचा कागद सोबत न्यावा आणि पहिल्याने ‘नाही’ का म्हटले ते लपवू नये. मनासारखे उत्तर मिळेपर्यंत दारे ठोठावत फिरणे याला दुसरे मत म्हणता येत नाही.

महाराष्ट्रात या विषयावरील सर्वांत गाजलेला मतभेद बहुतेकांना आठवत असेल. फेब्रुवारी २०१७ मध्ये इजिप्तच्या अलेक्झांड्रियाहून इमान अहमद या स्त्रीला मालवाहू विमानाने मुंबईत आणण्यात आले. तिचे वजन पाचशे किलोच्या घरात असल्याचे सांगण्यात आले होते. सैफी रुग्णालयात डॉ. मुफज्जल लकडावाला यांच्या पथकाने ७ मार्चला तिच्यावर स्लीव्ह शस्त्रक्रिया केली. एवढ्या जड देहावर आधी स्लीव्ह आणि पुढचे नंतर, हा क्रम शास्त्राला धरूनच होता. एप्रिलमध्ये तिच्या बहिणीने जाहीरपणे रुग्णालयाच्या दाव्यांवर आक्षेप घेतला. रुग्णालयाने तो फेटाळला. मेच्या आरंभी इमानला अबूधाबीला हलविले गेले आणि २५ सप्टेंबर २०१७ रोजी तेथे तिचे निधन झाले. कोण बरोबर होते, याचा निवाडा करण्याचा आम्हाला अधिकार नाही. वर्तमानपत्रे वाचताना आम्हाला मात्र असे वाटत राहिले, की वैद्यांच्या तोंडी किलोंचे आकडे होते आणि कुटुंबाला ती पुन्हा उठून बसेल काय, चालेल काय हे हवे होते. पूर्वी पक्षाघात होऊन गेलेल्या त्या स्त्रीच्या बाबतीत हे दोन प्रश्न एक नव्हते. शस्त्रक्रियेचा प्रकार ठरविण्याआधी ती कशासाठी, यावर एकमत झाले आहे ना, हे तपासण्याची सवय आम्ही तेव्हापासून लावून घेतली. ताईंना विचारले तेव्हा त्यांनी वजनाचे नावही काढले नाही. इन्शुलिन सुटावे आणि पंढरीची वारी पायी व्हावी, असे त्या म्हणाल्या.

इन्शुलिनबाबत अवास्तव आशा देऊ नये. अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या अभ्यासात, २०१७ च्या निष्कर्षांनुसार, पाच वर्षांनंतर तीन महिन्यांची साखर सहा टक्के किंवा त्याखाली आलेले रुग्ण बायपास गटात २९ टक्के, स्लीव्ह गटात २३ टक्के आणि केवळ औषधोपचाराच्या गटात ५ टक्के होते. म्हणजे बायपासनंतरही दहांतील सात जणांनी ती रेषा गाठली नाही. मधुमेह जितका जुना, तितकी ती गाठणे कठीण.

संमतिपत्राविषयी एक गोष्ट. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये निर्णय दिला, की एका शस्त्रक्रियेसाठी दिलेली संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेस लागू होत नाही. जीव वाचविण्यासाठी तातडीची गरज असेल तेवढाच अपवाद. उपलब्ध पर्याय रुग्णाला सांगणे हेही वैद्याचे कर्तव्य ठरविले. वजनाच्या शस्त्रक्रियेत हे फार लागू पडते. पोटात गेल्यावर यकृत फार मोठे निघाले, आतडे चिकटलेले निघाले, तर ठरलेल्या बायपासऐवजी स्लीव्ह करावी काय, याचे उत्तर रुग्णाने आधीच लिहून दिलेले असावे. ताईंनी लिहून दिले होते : अशा वेळी काही न करता पोट बंद करावे.

खर्चाबाबत थोडक्यात. आशियाई लोकांसाठी वैद्यकीय शिफारशी कमी बीएमआयवर शस्त्रक्रिया सुचवितात. सहव्याधी असल्यास ३२.५ हा आकडा आपल्याकडे पूर्वीपासून मानला गेला आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात तो आणखी खाली आला आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या प्रमाणित अटींत मात्र ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, अशी रेषा आहे. या दोहोंच्या मधल्या रुग्णाला वैद्य ‘हो’ म्हणतो आणि विमा कंपनी ‘नाही’ म्हणते. अशांनी धर्मादाय रुग्णालयांतील राखीव खाटांची चौकशी करावी. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेल्या योजनेनुसार दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व दहा टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांनाही ही योजना लागू आहे. आपल्या समाजसेवा विभागात अर्ज भरून मिळतो.

आणि औषधांचा प्रश्न. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि जूनमध्ये वजनासाठीचे सेमाग्लुटाइड भारतात आले. आठवड्याला एक इंजेक्शन. त्यामुळे ‘कोणती शस्त्रक्रिया’ या प्रश्नात आता ‘शस्त्रक्रिया हवीच का’ हा प्रश्न पुन्हा येऊन मिसळला आहे. औषध थांबविल्यावर बहुतेकांचे वजन पुन्हा चढते, म्हणून खर्चाचा हिशेब महिन्याचा न धरता वर्षांचा धरावा लागतो. तरीही ज्याला शस्त्रक्रियेची भीती आहे, त्याने हा पर्याय आपल्या वैद्याकडून समजून घ्यावा.

शेवटी ताईंची हकिगत पुरी करतो. त्यांची बायपास शस्त्रक्रिया झाली. पाचव्या दिवशी त्या घरी आल्या. तीन उशांची एक उशी झाली. इन्शुलिन सुटले, मधुमेहाची एक गोळी अजून आहे. वजन सध्या ७४ किलो. मामेबहिणीइतके उतरले नाही, म्हणून पहिल्या वर्षी त्या खट्टू होत्या. दुसऱ्या वर्षी बरे वाटू लागल्यावर त्यांनी लोहाच्या गोळ्या परस्पर बंद केल्या आणि हिमोग्लोबिन ९.२ वर आले. आमच्याकडूनही पाठपुरावा ढिला पडला होता. लेखी हमी देऊनही दोन तपासण्या हुकल्या. त्यांना शिरेतून लोह द्यावे लागले. त्यानंतर आम्ही अशा सर्व रुग्णांची एक स्वतंत्र वही केली. ती इंजेक्शनच्या खोलीत टेबलावर असते, आणि तारीख उलटली की परिचारिका भगिनी स्वतः दूरध्वनी करतात. मागील महिन्यात ताई बी-१२ च्या इंजेक्शनला आल्या, तेव्हा हिमोग्लोबिन ११.४ होते. पुढची तपासणी आम्ही कार्तिकी एकादशीच्या आठवड्यात ठेवली होती; ती त्यांनी पुढे ढकलून घेतली, कारण तेव्हा त्या पंढरपुरात असतील.